पेन्सिलबाईंची सही

आमच्या विभागात संशोधन करणाऱ्याला दोन परीक्षा द्याव्या लागत. एक मार्गदर्शकांची आणि दुसरी पेन्सिलबाईंची. पहिलीत धडपडत का होईना लोक पुढे सरकत. दुसरीतून कुणाचीच सुटका नव्हती.

पेन्सिलबाई म्हणजे संशोधन विभागाच्या कारकून. एकतीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच टेबलावर. खाडाखोड असलेला अर्ज समिती परत पाठवायची, म्हणून बाईंनी आपला कायदा केला होता: अर्ज आधी पेन्सिलीनं भरायचा, त्यांनी तपासला की त्यावर शाई फिरवायची. मग त्या स्वतः खोडरबरानं खालची पेन्सिल पुसायच्या, कण फुंकरीनं उडवायच्या आणि शिक्का मारायच्या. मला हा पोरखेळ वाटायचा. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो.

मला चार महिने विद्यापीठाबाहेर जायचं होतं. खाऱ्या तळ्यातल्या एका बेटावर पक्षी वर्षातून एकदाच घरटी करतात. तिथल्या केंद्रानं मला बोलावलं होतं, सोमवारी होडी निघणार होती. परवानगी देणारी समिती तीन महिन्यांतून एकदा बसते, आणि ती बसणार होती गुरुवारी तीन वाजता. ही बैठक चुकली की घरटी गेली, आणि माझ्या शिष्यवृत्तीत दुसरा हंगाम नव्हता.

अर्जावर मार्गदर्शकांची सही बाकी होती, आणि बुधवारी कळलं की सरांना ऑपरेशनसाठी दाखल केलंय. मी रिक्षानं दवाखाना गाठला. वाटेत, गुडघ्यावर फाइल ठेवून, हिसके खात बाईंनी तपासून दिलेल्या अर्जावर शाई फिरवली. सरांना खाटेवरून आत नेत होते. ते हसले, म्हणाले, "पक्ष्यांना सांग, मी येतोय." आणि सही केली.

गुरुवारी दोन वाजून वीस मिनिटांनी मी अर्ज बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"आत्ता आणतेस? लग्न लागल्यावर अक्षता वाटणार का?" असं म्हणत बाईंनी खोडरबर उचललं. हाताला सवय, डोळे घड्याळावर. पुढचं पान झालं, मागचं झालं. फुंकर मारली आणि त्यांचा हात तसाच थांबला.

मागच्या पानावर सरांची निळी सही होती. तिच्या वर, जाण्याच्या आणि परत येण्याच्या तारखांचे दोन्ही रकाने कोरे होते. तिथल्या पेन्सिलीच्या तारखांवर शाई फिरवायची मी विसरले होते.

मी पेन काढलं. "द्या, लिहून टाकते. कोणाला कळणार आहे?"

बाईंनी अर्जावर पंजा ठेवला. "सरांनी सही केली तेव्हा इथे तारखा होत्या. आता नाहीत. आता तू लिहिशील त्यावर त्यांची सही नाही."

"मग पुसलं कशाला? एकतीस वर्षं तेच करताय, एकदा बघून तरी पुसायचं!" मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आणि तुझंही. चल."

समितीच्या दाराबाहेर बाक होता. आत कुणाचा तरी विषय चालला होता. बाई अर्ज मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या. मला ओरडल्याची लाज वाटत होती आणि रागही गेला नव्हता.

"बाई, हे पेन्सिलीचं खूळ आलं कुठून?"

"मलाही जायचं होतं, तुझ्याच वयाची असताना. अर्जात एक तारीख खोडलेली होती, परत आला. पुढच्या बैठकीआधी वडील गेले, आणि मी या नोकरीला लागले." त्यांनी पदर सारखा केला. "तेव्हा टेबलावर कोणी सांगणारं नव्हतं."

तेवढ्यात हाक आली.

अध्यक्ष जाड चष्म्याचे, मोजून बोलणारे. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "साहेब, तारखा सहीनंतर पुसल्या गेल्या. पुसल्या मीच." मग त्या अर्ज घेऊन खिडकीशी गेल्या आणि कागद तिरपा धरला. पेन्सिल दाबून लिहायची माझी खोड. पुसलेल्या तारखांचे वळ उजेडात दिसत होते. शेजारी त्यांनी केंद्राचं पत्र ठेवलं. तारखा त्याच.

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. "उद्या कोणी म्हणालं, तुम्ही ‘ध’चा ‘मा’ केलात, तर? चार महिन्यांवर निवृत्ती आहे तुमची."

"म्हणून तर लपवत नाही."

अध्यक्षांनी अर्ज आणि पत्र शेजारी धरून पुन्हा पाहिले.

"समितीसमोर तारखा शाईनं लिहा," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "बाजूला जबाबदारीची सही करा. ही मुलगी दिलेल्या तारखेला हजर झाली नाही, तर उत्तर तुम्ही द्यायचं."

बाईंनी सही केली. त्यांचं खरं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "परत यायची तारीख अठरा. एकोणीस नाही."

बेटावर शेवटच्या घरट्यातली दोन पिल्लं अजून उडाली नव्हती. केंद्रातले म्हणाले, चार दिवस थांब, आम्ही पत्र देतो. जीव तुटत होता, पण मी होडीत बसले. अठराला, ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं असताना, पाठीवरच्या बोजासकट मी बाईंच्या टेबलापुढे उभी राहिले. त्यांचा नोकरीतला शेवटचा आठवडा होता.

"वाळलीस," त्या म्हणाल्या. "सर दोनदा विचारून गेले. काठी घेऊन चालतात आता." त्यांनी हजर झाल्याची नोंदवही उघडली. माझा हात आपोआप पेन्सिलींच्या डब्याकडे गेला. बाईंनी डबा बाजूला सारला आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

"थेट लिही."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर खोड. बाजूला सही कर."

मी तारीख लिहिली. अठराच.