आधी सविताचं ताट

"हिच्या डोक्यात बिघाड हाय असं लिहून द्या, म्हणजे माहेरी पोचवतो," कैलास म्हणाला. त्याची बायको सविता शेजारी रुमालाच्या घड्या घालत बसली होती. पलीकडे सासू. चार वर्षांची मुलगी मात्र सासरीच राहील, हे घरात ठरून गेलं होतं.

साल दोन हजारच्या आसपासची गोष्ट. इंदिरानगरमधल्या एका लहान दवाखान्यात मी कुटुंब समुपदेशक होते. घरातलं दुखणं घेऊन आलेल्यांना एकत्र बसवायचं आणि बोलतं करायचं, हे माझं काम. हे कुटुंब जवळच्या खेड्यातलं, फूलशेती करणारं. तक्रार अशी, की सविता जेवत नाही आणि शेतात चक्कर येऊन पडते. रक्त कमी निघालं होतं, गोळ्या चालू होत्या.

आमच्या डॉक्टरांना फाइल संपवायची होती. "बाई, 'मानसिक' लिहा आणि मोकळ्या व्हा."

"दोन सेशन द्या, सर."

"दोनच."

घर ज्याच्याकडे बोट दाखवतं, त्याला आमच्याकडे 'दाखवलेला पेशंट' म्हणतात. बोट दाखवणाऱ्यांकडेही बघायचं असतं. तक्रार जेवणाची होती, म्हणून मी तिघांना घरचा डबा घेऊन बोलावलं. भाकरी, पिठलं, ठेचा आला. मलाही आग्रह झाला. गप्पा छान झाल्या. सविता शेवटी बसली आणि थोडं खाऊन उठली. मी नोंद केली: 'भूक नाही. विचारल्यावर गप्प.'

ते गेल्यावर नोंद पुरी करताना माझं पेन थांबलं. वाढलं कोणी? सविताने. मी ताट पुढे करून दोनदा विचारलं होतं, "पिठलं आहे का गं अजून?" ती बसली तेव्हा अर्धी भाकरी आणि ठेचा उरला होता. तिच्या वाटचं मी खाल्लं होतं आणि वर तिलाच भूक नाही असं लिहिलं होतं.

नोंद खोडली. सगळ्यांना समोरासमोर बसवलं की सगळे सारखे, असं आम्हाला शिकवलेलं. बाईच्या बाजूने या कामाकडे बघणाऱ्यांचा आक्षेप नेमका इथेच आहे. घरात कामाची आणि हक्काची वाटणी सारखी नसते. समुपदेशकाने ती सारखी असल्यासारखं वागू नये. हे मी वाचलेलं होतं. पिठल्यापुढे विसरले.

दुसऱ्या सेशनला मी म्हटलं, "आज आधी सविता जेवेल. वाढणार कैलास."

"मी?"

"वाढायचा डाव धरता येतो ना?"

सविता म्हणाली, "यांचं होऊ द्या आधी."

"नाही."

कैलासने ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. मग तिने घास घेतला. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"एवढी भूक व्हती तर बोलायचं ना," कैलास म्हणाला.

"कधी बोलू? पाचला फुलं तोडायला जाते. तुम्ही सातला मार्केटात मिसळ खाता. मी अकराला घरी येते, तवर चूल थंड."

सासू फणकारली, "मी बी तीस वर्षं उरलंसुरलंच खाल्लं. मला नाय कुणी डॉक्टरकडं आणलं."

"चुकलंच, मावशी. आणायला हवं होतं."

सासू ताट पुढे सरकवून म्हणाली, "कैलास, मलाबी वाढ."

मग ठरलं: पहाटे सासू भाकरी टाकणार, कैलास ती शेतात नेणार आणि सविताने खाल्ल्याशिवाय फुलांची गाडी हलणार नाही.

"उशीर झाला तर भाव पडंल," कैलास कुरकुरला.

"मग लवकर उठा."

चक्कर थांबली. दसऱ्याच्या झेंडूच्या घाईत पद्धत मोडली आणि सविता पुन्हा पडली. या वेळी तिला घेऊन सासू आली. "आमचं चुकलं," एवढंच म्हणाली. माहेरी पोचवायचा विषय पुन्हा निघाला नाही. मुलगी आईजवळच राहिली.

आजाराच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'शेवटी जेवणे.'

"असा आजार नसतो, बाई," डॉक्टर म्हणाले.

"असतो, सर. त्याचा केसपेपर कोणी काढत नाही एवढंच."

पुढेही मी घरांना डबा घेऊन बोलावत राहिले. फक्त तेव्हापासून माझा डबा मी घरून नेते.