हा ट्रक भंगारात जाणार नाही

ट्रकच्या फिटनेस दाखल्याची मुदत संपली, तेव्हा धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, आता बास करा. भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे. घरी येऊन घेऊन जाईल."

मी विचारलं, "भावजी, तो चालतोय ना?"

"चालतोय हो, पण लोक हसतात."

"हसू देत की. त्यांना कोण बसवून घेतंय?"

सिकंदराबादेच्या जोडशहरात, गौलीगुड्यात आमचं पेंडीचं दुकान. शहराच्या कडेला अजून जे म्हशींचे गोठे उरलेत त्यांना सरकीची पेंड आणि कडबा आम्ही पोचवतो. ट्रक सासऱ्यांनी घेतलेला, पुढे लांब नाक असलेला. असे ट्रक आता रस्त्यावर दिसत नाहीत. स्टेअरिंग एवढं जड की उभ्या गाडीत फिरवायचं तर सीटवरून उठावं लागतं. गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर खालून जी किंकाळी येते ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाते.

मामंजींनीच मला तो शिकवला. माझे यजमान हिशेबातले, त्यांना गाडीची धास्ती. दोघे दीर नोकरीच्या मागे. एकदा ड्रायव्हर पळून गेला, कडबा जहीराबादेत पडून होता आणि वर आभाळ भरून आलेलं. मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, तुला जीप येते ना? मग हा जीपचा थोरला भाऊ." जाताना ते चालवत होते, येताना मी. पुढे रीतसर अवजड गाडीचं लायसन काढलं. परीक्षेला गेले तेव्हा तिथल्या माणसाने मला चहावाली समजून दोन कटिंग मागितले होते. मी म्हटलं, आधी लायसन द्या.

मामंजी गेले, मग यजमानही गेले. ट्रक माझ्या नावावर झाला. त्याच्याबद्दल हळवं वगैरे मला काही वाटत नाही. आमच्या कामाला तो पुरतो, इतकंच. वय झालं म्हणून चालती वस्तू मोडायची, हे माझ्या डोक्यात बसत नाही. माझंही वय झालंय.

आमचे मिस्त्री म्हणजे मामंजींच्या वेळेपासूनचे उस्ताद. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "बेगम, इसकू पास कराने का ख्याल छोड दो. नक्को."

"कैकू नक्को? इंजिन में क्या खराबी है?"

"इंजिन में कुछ नई. जमाने में खराबी है."

"जमाने को मैं देख लेती. तुम लाइटां देखो."

त्यांनी दिवे बसवले, वायपर बसवला, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरलं. मी स्वतः मागे-पुढे चमकती पट्टी चिकटवली. धुराच्या तपासणीचा कागद मिळाला. मग एका सकाळी मी ट्रक घेऊन तपासणीच्या मैदानावर गेले.

फाटकातच एक एजंट खिडकीशी आला. हसतमुख, गळ्यात फायलींची पिशवी. "अम्मा, गाडी कैकू लाए? गाडी घर पे रखो, कागज मेरेकू देव. शाम तक पास."

"गाडी न बघता?"

"गाडी देखे तो फेल होती ना!"

त्याच्या हसण्याचाच मला राग आला. चालत्या गाडीला चोरासारखं मागच्या दाराने कशाला पास करायचं? मी खिडकीची काच वर ओढली. ती अर्ध्यात अडकते. उरलेल्या अर्ध्यातून मी त्याला सांगितलं, "ये गाडी सामने से जाती."

इन्स्पेक्टर तरुण होते. लांबूनच ट्रक बघून त्यांनी हात हलवला. "अम्मा, ई बंडी ओद्दु. ये गाडी नक्को. ड्रायव्हरको बुलाव, बाजू लगाओ."

"ड्रायव्हर मैंच हूँ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लायसनकडे, मग परत माझ्याकडे. रांगेतले टिप्परवाले खाली उतरून जमले.

"इतनी पुरानी गाडी पास नहीं होती."

"कौन-सा पुर्जा फेल है, वो बोलो साब. उमर फेल है ऐसा कागज पे लिखते क्या? लिखो, मैं ले के जाती."

मी दार उघडलं. "बैठो साब. चला के दिखाती."

ते बसले. मैदानात मी वेग घेतला, त्यांनी "आगंडी!" म्हणून थांबायला सांगितलं, आणि मी ब्रेक दाबला. ट्रक थांबला, पण डावीकडे ओढ घेऊन, वाकडा. टिप्परवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. इन्स्पेक्टर उतरले आणि शांतपणे म्हणाले, "अब लिखता हूँ अम्मा. ब्रेक."

ते बरोबर होते, आणि तेच मला जास्त झोंबलं. दिरांना कसं कळलं कोण जाणे, संध्याकाळी फोन आला. "मी म्हटलं होतं ना?"

"ब्रेक नापास झालाय, ट्रक नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

उस्तादांनी पुढचं उजवं चाक उघडलं. आतला सिलिंडर गळत होता, तेल लायनरवर उतरलेलं, म्हणून ते चाक धरतच नव्हतं. त्या मापाचं रबर हवं होतं. सिकंदराबादच्या स्पेअरच्या बाजारात मी दुकानामागून दुकान हिंडले. एक दुकानदार म्हणाला, "अम्मा, ये पुर्जा अजायबघर में पूछो." मी त्याला म्हटलं, "म्युझियममध्येही विचारीन, पत्ता दे." शेवटी उस्तादच वैतागून म्हणाले, "रबर नई मिलता तो सिलिंडरकूच छोटा करो." लेथवर सिलिंडरच्या आत पितळेची बारीक नळी बसवून घेतली, आणि हल्लीच्या गाडीचं रबर त्यात चपखल बसलं. मग मी रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबून दाबून बघितला, पायाला गोळे येईपर्यंत.

दुसऱ्या वेळेला दीर बरोबर आले. मदतीला नव्हे. ट्रक पुन्हा नापास झाला की तिथूनच भंगारवाल्याकडे न्यायचा, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला. मी हो म्हटलं नाही. पांढरा शर्ट घालून ते केबिनमध्ये बसले आणि वाटभर दाराची कडी धरून होते.

इन्स्पेक्टर तेच. या वेळी ते स्वतःहून चढले. मी वेग घेतला, ब्रेक दाबला. ट्रक नाकासमोर, सरळ उभा राहिला. त्यांनी पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा सरळ. मी त्यांच्याकडे बघितलं. ते मान वळवून खाली उतरले.

"चासी नंबर दिखाव."

आणि नंबर दिसेना. सांगाड्यावर कोरलेले आकडे वर्षानुवर्षांच्या रंगाखाली आणि मळाखाली बुजलेले. "नंबर नई तो गाडी नई अम्मा," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांना खरंच वाईट वाटल्याचं आवाजात कळत होतं.

मी ओढणी कमरेला गुंडाळली, रॉकेलचा फडका आणि पॉलिशपेपर घेतला आणि ट्रकखाली शिरले. वरून दीर ओरडत होते, "वहिनी, बाहेर या, लोक बघतायत!"

"बघू देत! तुम्ही बॅटरी धरा, आत काळोख आहे."

त्यांचे चकचकीत बूट माझ्या डोक्याशी आले, गुडघे टेकले, आणि मोबाइलचा उजेड आत पडला. मी घासत राहिले. रंगाचे पापुद्रे तोंडावर पडत होते. आधी एक सात दिसला, मग शून्य, मग पुढचे एकेक. इन्स्पेक्टरांनी खाली वाकून त्यावर कागद ठेवला, पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे गाडीच्या आरसी पुस्तकाशी ताडून बघितले.

"सही है," ते म्हणाले. मग सही करता करता थांबले. "अम्मा, आगे से मशीन चेक करेगी. मशीन किसी की सुनती नई."

"चांगलं झालं," मी म्हटलं. "मशीन तोंड बघून नापास तरी करणार नाही."

त्यांना मराठी कळली का माहीत नाही. पण त्यांनी सही केली.

परत येताना दिरांच्या शर्टाला ग्रीसचा पट्टा होता. जामबागेजवळ ते म्हणाले, "पण वहिनी, पुढच्या वर्षी मात्र नक्की भंगारात द्यायचा हं."

मी क्लच दोनदा दाबला, गिअर टाकला. "पुढच्या वर्षी तुम्ही जुना शर्ट घालून या," मी म्हटलं. "मागची दोन चाकंही उघडायची आहेत."