दुसऱ्या किटलीची मतं

दुधाची किटली टेबलावर ठेवण्याआधी ती पदराच्या टोकानं टेबल पुसायची. टेबल मी आधीच पुसलेलं असे आणि ते तिला दिसतही असे. तरी पुसायची, किटली ठेवायची आणि विचारायची, "सचिव, आज मला कशात धरता?"

म्हणजे गाईच्या दुधात की म्हशीच्या. ती सभासद झाली त्या पहिल्याच दिवशी मी चुकून तिचं दूध म्हशीत लिहिलं होतं. ती चूक तिनं पुढं सात वर्षं मला विसरू दिली नाही. हसून विचारायची, पण उत्तर ऐकल्याशिवाय हलायची नाही.

धारूर आणि वडवणीच्या मधल्या डोंगरकडेच्या एका गावात मी दूध सोसायटीचा सचिव होतो. गावात सगळे तिला आक्का म्हणत. चाळिशी गाठलेली, उंच, पावलं पुरुषासारखी लांब टाकणारी. लग्न झालेलं नव्हतं. अशी बाई तुमच्याही गावात एखादी असेल. तिच्याविषयी सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि तिला स्वतःला कुणी काही विचारत नाही.

मी एकदा विचारलं. तेव्हा मी नवा होतो, अक्कल कमी होती. संध्याकाळचं दूध संपलं होतं, ती सोसायटीच्या पायरीवर टेकली होती. मी म्हणालो, "आक्का, तुम्ही लग्न का नाही केलं?"

तिला राग आला नाही. म्हणाली, "आदी दोन बहिणींचं झालं. मग बाप गेला. मग भावाचं झालं. माझी पाळी आली तवर इचारणारं कुणी ऱ्हायलंच न्हाई." पदर खोचत उठली. "लोकांना वाटतंय एकटीला काय लागतंय. सचिव, एक भाकर करायची असली तरी चूल तेवढीच पेटवावी लागती."

बाप गेल्यावर ती भावाबरोबर ऊसतोडीला जायची. तोडीत दोन माणसं मिळून एक कोयता धरतात, बहुतेक नवरा-बायको. बहीण-भावाचा कोयता पाच हंगाम चालला. मग भावाचं लग्न झालं आणि पुढच्या हंगामाला मुकादमानं तिला सांगितलं, "तू आता अर्धा कोयता." काम तेवढंच, मोळ्या तेवढ्याच, नाव अर्धं. हंगाम संपवून ती परत आली, ती पुन्हा ट्रकमध्ये चढली नाही. साठवलेल्या पैशातून एक गाय घेतली आणि सोसायटीत आली.

तिला सोसायटी का आवडायची हे मला उशिरा कळलं. रेशनकार्डावर तिचं नाव भावाच्या कार्डात, पोरांच्या नावांच्याही खाली. टँकर आला की पाणी कार्डावर मोजायचं, म्हणजे तिची घागर वहिनीच्या घागरींनंतर. निवडणुकीत पुढारी सात मतांच्या घरात चहा प्यायचे, तिच्या खोलीवरून नुसता हात जोडून पुढं जायचे. सोसायटीत मात्र एक सभासद, एक मत. "चेअरमनच्या अकरा म्हशी आन माझी एक गाय," ती म्हणायची. "मत दोघांचं एकच. लई भारी कायदा हाय वो हा."

एका वार्षिक सभेत, चहा वाटून झाल्यावर, ती उठून उभी राहिली. संचालक मंडळात बाईसाठी एक जागा राखीव होती. आजवर ती चेअरमनच्या बायकोला बिनविरोध मिळायची. त्या माउलीनं बैठक कधी पाहिली नव्हती, सहीसाठी रजिस्टर मीच घरी नेत असे. आक्का म्हणाली, "पुढच्या टायमाला मी हुबी ऱ्हाणार हाय."

सभेत हसू पसरलं. चेअरमनही हसले, पण संध्याकाळी मला बोलावून घेतलं.

"सचिव, इधवा किती, टाकलेल्या किती, बिनलग्नाचे गडी किती?"

मी सांगितलं. गावाला पाणी नाही म्हणून मुली द्यायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळं तिशी ओलांडलेले बिनलग्नाचे गडीही बरेच होते. असे एकेकटे सभासद एकत्र आले तर आकडा जड होत होता. लग्नाच्या घरात सभासद एकच, घरधनी. चेअरमननं थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग आपल्या मान्सांच्या बायका सभासद करा."

दुसऱ्या दिवसापासून गावात किटल्या वाढल्या. एकाच म्हशीचं दूध दोन किटल्यांत यायला लागलं, एक मालकाच्या नावानं, दुसरी मालकिणीच्या. सभासद म्हणून टिकायचं तर दूध घालावं लागतं ना. नावं मी लिहीत होतो. त्यात माझ्या बायकोचंही एक होतं. आमच्याकडे एक म्हैस होती.

आक्काला कळायला दोन दिवस लागले नाहीत. रांगेतल्या किटल्यांकडं बघत ती म्हणाली, "सचिव, म्हशींची बी लग्नं लागली का? जोडीनं यायल्यात."

रांग हसली. मी मान वर केली नाही. वाटलं, आता ही तालुक्याला जाऊन तक्रार करणार आणि पहिली माझी नोकरी जाणार. तिनं तक्रार केली नाही. दुपारच्या उन्हात, पुरुष घरी नसायचे त्या वेळेला, ती दुसऱ्या किटलीच्या घरांतून फिरू लागली.

आमच्याही घरी आली. मी आत जेवत होतो हे तिला ठाऊक नव्हतं, निदान मी तसं समजतो. बायकोला म्हणाली, "वहिनी, तुमी सभासद झाल्यात."

"हौ, ह्यांनी केलंय."

"केलंय कुनी बी, नाव तुमचं हाय. आता तुमची सही, तुमचं मत. मला द्या म्हनत न्हाई. कुनाला बी द्या. पर मालकाचं म्हनून देऊ नगा, तुमचं म्हनून द्या."

ती गेल्यावर बायको चुलीपाशी येऊन बसली. मग मला विचारलं, "माझी सही चालती व्हय तिथं?" लग्नाला बारा वर्षं झाली होती. तिला सही येते हे मला त्या दिवशी कळलं.

मतदानाच्या दिवशी चेअरमननं गाड्या लावल्या होत्या. बायका नव्या साड्या नेसून आल्या, डोक्यावर पदर, हातात चिठ्ठी. सगळ्यांना चिन्ह पाठ करून दिलं होतं, कंदील. आक्काचं चिन्ह छत्री. त्यावरून गावात चेष्टा चालली होती, की दुष्काळात छत्री कोण घेतंय.

मोजणी झाली. छत्री नऊ मतांनी आली.

 सगळे गेल्यावर चेअरमन माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सचिव, तुमच्या घरातलं मत कुटं गेलं?"

घरी येऊन मी तेच विचारलं. बायको भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "कुटं जायचंय? पेटीत."

 

आक्का प्रत्येक बैठकीला यायची. खुर्ची असली तर खुर्चीवर, नसली तर स्वतः कुठून तरी आणून. फार बोलायची नाही. पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला तेव्हा जनावरांसाठी पेंड आली आणि ती रेशनकार्डावर वाटायची असा ठराव मांडला गेला. म्हणजे भावाच्या कार्डावर भावाला मिळणार, आक्काच्या गाईला काही नाही. दिराच्या कार्डावरच्या विधवेला नाही, म्हाताऱ्या आईबापाच्या कार्डावरच्या बिनलग्नाच्या गड्याला नाही. आक्का म्हणाली, "माझी गाय कार्ड खात न्हाई. जितकी दावणीला जनावरं, तितकी पेंड." एका संचालकानं चिडून म्हटलं, "तुमाला ना लेकरू ना बाळ, तुमाला का म्हनून इतकी काळजी?" ती म्हणाली, "गायीला बी लेकरू हायच की वो." ठराव बदलला. तिच्या वाट्याला आली एकच गोणी, पण तिच्या नावानं. ती स्वतः डोक्यावर घेऊन गेली.

पण पेंडीनं पाणी येत नाही. त्या उन्हाळ्यात दूध आटलं. रोज एखादी किटली यायची बंद व्हायची. आक्कानं गाय विकली. मला निरोप द्यायला आली तेव्हा हातात एक पिशवी होती. मांजरसुंब्याला एका ढाब्यावर स्वयंपाकाला जाते म्हणाली. मी म्हणालो, "संचालकपद?" ती म्हणाली, "पाऊस पडला की येते. खुर्ची तेवढी ठिवा."

पाऊस पडला, पण ती आली नाही. त्याआधीच चेअरमननं मला यादी दिली होती. ज्यांचं दूध बंद झालं त्यांची नावं कमी करा. नियमात बसत होतं. दुसऱ्या किटलीची सगळी नावं मी कमी केली. त्यात बायकोचं होतं. आक्काचंही.

पुढं एकदा बीडला जाताना एसटी मांजरसुंब्याला थांबली. आक्कानं मला खिडकीत पाहिलं आणि ढाब्यातून जवळजवळ पळत आली. हाताला पीठ. वाळली होती, डोळे तेच होते. पावसाचं विचारलं, बायकोचं विचारलं. कंडक्टरनं घंटी दिली तशी खिडकीची दांडी धरून म्हणाली, "सचिव, त्या बाया हायेत ना अजून सभासद?"

मी म्हणालो, "हायेत."

"झालं मंग," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. बस निघाली. दांडीवर पिठाची चार बोटं उमटली होती.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. चैत्राच्या हळदीकुंकवाला आक्काला आमच्या गावात कुणी बोलवत नसे, आम्हीही कधी बोलावलं नव्हतं. त्या वर्षी बायकोनं एक हिरवा खण आणि नारळ घेतला आणि म्हणाली, "चला, मांजरसुंब्याला जाऊन येऊ. आक्काची वटी भरायची हाय."

आम्ही गेलो. ढाब्याच्या जागी टायरचं दुकान होतं. विचारलं, तर ढाबेवाला दुसरीकडं गेला, स्वयंपाकवाल्या बायकाही गेल्या, कुणी म्हणे पुण्याच्या बाजूला. रजिस्टरमधलं तिचं नाव सांगितलं तर ते कुणालाच माहीत नव्हतं. तिथंही सगळे तिला आक्काच म्हणत.

परतीच्या बसमध्ये बायकोनं नारळ समोरच्या सीटवरच्या एका बाईच्या लेकराला दिला. खण मांडीवर घेऊन बसली. तो तिनं पुढं कुणाला दिला नाही, स्वतःही शिवला नाही. दरवर्षी चैत्रात ट्रंकेतून काढते, ऊन दाखवते आणि घडी मोडू न देता परत ठेवते.