जहाजाच्या टोकाची खोली

बंबवाल्यांना कुठेही न्या, ते आधी दार बघायचे. आयुष्याची उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आगीच्या बंबावर काढली होती. शेवटी शेवटी तर ते अग्निशमन केंद्राचे प्रमुखही झाले होते, पण गल्लीत त्यांचं नाव बंबवाले पडलं ते पडलंच. सिनेमाला गेले की कडेची खुर्ची. लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसायचं तर दाराजवळचं टेबल, मग तिथे वारा लागो न लागो. कुणाकडे मुक्कामाला गेले की चहा होण्याआधी मागच्या जिन्याला कुलूप आहे का ते बघून यायचे. त्यांच्या आतेबहिणीने एकदा वैतागून विचारलं होतं, "दादा, तू पाहुणा म्हणून आलायस की तपासणीला?"

त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. सगळा गाव तिला बाई म्हणायचा, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत तेही बाईच म्हणू लागले. बाईंनी निळ्या खडूने फळ्यावर महासागर काढता काढता कितीतरी साड्यांच्या निऱ्या निळ्या केल्या, पण खरा समुद्र पाहिला तो किनाऱ्यावरूनच, तोही सहलीला आणलेल्या मुलांची डोकी मोजता मोजता. निवृत्त झाल्यावर त्या एकदा जेवताना म्हणाल्या, "नुसतं पाणी, जमीन कुठेच नाही, असं एकदा बघायचंय. झोपल्या झोपल्या बघायचंय."

मुलीने आणि जावयाने ते मनावर घेतलं. मोठ्या प्रवासी जहाजावर आठवडाभराची सफर ठरली. "बाबा, खोली तेवढी तुम्ही निवडा," मुलगी म्हणाली, "बाकी सगळं आम्ही बघतो."

आणि तिथेच घोडं अडलं.

बुकिंगच्या ऑफिसात बसणाऱ्या ताईंनी बंबवाल्यांना जहाजाच्या मजल्यांचे नकाशे दिले. ते त्यांनी घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरले, आणि त्या दिवसापासून घरात जेवणं मांडीवर ताट घेऊन होऊ लागली. पुढची खोली नको, लाटांवर जहाजाचं नाक सगळ्यात जास्त वरखाली होतं. नाचगाण्याच्या हॉलखालची नको, डोक्यावर धांगडधिंगा. भटारखान्याशेजारची तर नावच काढू नका. मधली हवी, खालच्या मजल्यावर हवी, जिन्याजवळ हवी. लिफ्टजवळ मात्र नको. लिफ्टवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. पट्टी आणि पेन्सिल घेऊन ते नकाशावर वाकलेले असायचे आणि बाई येता-जाता एवढंच म्हणायच्या, "गॅलरीची बघा बरं का. मला पाणी दिसलं पाहिजे."

"बघतोय, बघतोय."

मधल्या भागात गॅलरीची एक खोली त्यांना पसंत पडली. ती धरून ठेवली. घरी आले, तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जिना त्या खोलीपासून लांब वाटायला लागला. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दारात हजर. खोली बदलली. मग कळलं, नवीन खोलीवर धुलाईघर आहे. पुन्हा बदलली. ताईंनी शेवटी हात टेकले. "काका, तुम्ही आठवडाभर राहायला चाललाय. घर विकत घेत नाही आहात. जगात लोकांना सून पसंत करायला एवढा वेळ लागत नाही."

या घोळात व्हायचं तेच झालं. मधल्या भागातल्या गॅलरीच्या सगळ्या खोल्या एकेक करून दुसऱ्यांनी पटकावल्या. उरल्या दोन. एक अगदी मागच्या टोकाला, लांबच लांब बोळाच्या शेवटी, पण मोठी गॅलरी असलेली. दुसरी मधोमध, जिन्याला चिकटून, पण आतल्या बाजूची. खिडकीसुद्धा नाही.

टोकाच्या खोलीवर ताईंनी बोट ठेवलं तशी बंबवाल्यांनी मान हलवली. "ही नको."

"अहो, पण काकूंना समुद्र—"

"जिन्याजवळची द्या."

घरी येऊन ते बाईंना म्हणाले, "अगदी मध्यावरची मिळाली. जहाजातली सगळ्यात चांगली जागा." गॅलरीचं काय, ते बाईंनी विचारलं नाही आणि यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. नळ उघडा टाकायचे, वर्तमानपत्र उलटं धरून बसायचे. बाईंना वाटलं, प्रवासाची धास्ती असेल.

बंदरावर जहाज पाहून बाई शाळकरी पोरीसारख्या हरखल्या. खोलीत शिरल्या, हातातली पिशवी पलंगावर टाकली आणि सरळ समोरच्या निळ्या पडद्याकडे गेल्या. पडदा छान जाडजूड होता, जमिनीपर्यंत आलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाजूला सारला.

मागे भिंत होती. पांढरी, गुळगुळीत, वर एक छोटा दिवा लावलेली.

बाई त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी पडदा पुन्हा नीट लावला, चुण्या सारख्या केल्या. बंबवाले दाराजवळ सामानाच्या पट्ट्यांशी उगाच चाळा करत म्हणाले, "खोली काय, झोपायला तर असते."

"मग झोपा," बाई म्हणाल्या आणि वर डेकवर निघून गेल्या.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बंबवाल्यांना वाटलं. त्यांना आरडाओरडा सोसायची सवय होती, अबोला सोसायची नव्हती. ते उठले, जिना चढले, उतरले. बाहेर पडायच्या वाटा तपासल्या. दुपारी सरावासाठी सगळ्या प्रवाशांना नारिंगी जीवरक्षक जाकिटं घालून उभं केलं तेव्हा तेवढा वेळ ते खुशीत होते. आजूबाजूच्या चौघांचे पट्टे त्यांनी स्वतः आवळून दिले, एका गृहस्थाला तर श्वास घेता येईना. पण ते संपलं आणि पुन्हा पायाला भिंगरी लागली. खोलीत बसवेना, बाहेर रमवेना. बाई डेकवरच्या खुर्चीत बसून राहिल्या. ऊन झालं तर सावलीत खुर्ची ओढायच्या, वारा सुटला तर पदर डोक्यावरून घ्यायच्या. खोलीत यायच्या त्या फक्त पाठ टेकायला.

दुसऱ्या दिवशी समुद्र थोडा खवळला. जेवणाच्या हॉलमध्ये बाईंच्या टेबलावर एक आजी येऊन बसल्या. एकट्याच होत्या, चेहरा पिवळा पडलेला, समोरचं सूप नुसतं ढवळत होत्या. आयुष्यभर त्यांनी सुईणपण केलं होतं. नातीने हौसेने त्यांना मागच्या टोकाची गॅलरीची खोली घेऊन दिली होती.

"पाळण्यातसुद्धा एवढी हलले नसेन मी," आजी म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांची पोटं सांभाळली आणि आता माझंच पोट माझं ऐकेना. नात म्हणते, समुद्र बघ. अगं, समुद्र बघू की बादली बघू?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. "आजी, तुम्हाला मधली खोली चालेल? खिडकी नाही तिला."

"खिडकी नाही?" आजींचे डोळे चमकले. "म्हणजे पाणी दिसणारच नाही? देव भलं करो तुझं!"

दोघी हात धरून स्वागतकक्षाशी गेल्या. तिथल्या माणसाने आधी नियम सांगितले, मग आजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बहुधा काउंटरची काळजी वाटून त्याने किल्ल्यांची कार्डं बदलून दिली.

बंबवाले खोलीत पलंगाच्या काठावर बसले होते. बाई आत आल्या. "उठा. सामान आवरा."

ते ताडकन उभे राहिले. "काय झालं? आग?"

"आग नाही. खोली बदलली."

मागच्या टोकाकडे जाणारा बोळ संपता संपत नव्हता. पायाखाली गालिचा, दोन्ही हातांना एकासारखी एक बंद दारं, दिवे मंद. बाई पुढे बॅग ओढत चालल्या होत्या. त्यांनी शेवटचं दार उघडलं आणि मागे वळून पाहिलं. बंबवाले बोळाच्या मध्येच थांबले होते. एक हात भिंतीवर टेकलेला. चेहरा कागदासारखा.

"इथे नको," ते म्हणाले.

"का?"

"मला न विचारता बदललीत?"

"तुम्ही मला विचारलं होतं?"

बॅग तिथेच सोडून ते आल्या वाटेने परत गेले.

दुपारभर ते जहाजभर फिरत राहिले. पोहण्याच्या तलावाभोवती, दुकानांपुढून, पुन्हा वर, पुन्हा खाली. एका बाकावर बसले आणि बसता बसताच उठले. शेवटी बाई त्यांना शोधत आल्या तेव्हा ते एका आडबाजूच्या जिन्याच्या पायरीवर बसलेले सापडले. बाई रागाने काही बोलणार होत्या, पण त्यांनी दोन्ही हातांनी कठडा आवळून धरलेला बघून शेजारी टेकल्या.

"बरं वाटत नाहीये का? डॉक्टरला बोलावू?"

"नको." मग ते जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलू लागले. "एका लॉजला आग लागली होती. पोरगी तेव्हा रांगत होती आपली. तिसरा मजला. असाच बोळ. धूर एवढा की स्वतःचा हात दिसेना. भिंतीला हात लावून आम्ही एकेक दार उघडत गेलो. माणसं निघत होती, खाली पाठवत होतो. शेवटचं दार राहिलं होतं. कोपऱ्यातलं."

बाई त्यांच्या आणखी जवळ सरकल्या.

"नवराबायको होते. दाराला टेकून बसलेले. खिडकीला गज, बाहेरून शिडी लावूनही उपयोग नव्हता. आणि दार..." ते थांबले. "दार उघडंच होतं, बाई. कुलूप नव्हतं, कडी नव्हती. नुसतं ढकललं की उघडत होतं. बाहेर पडून कुठल्या बाजूला जायचं, तेच त्यांना कळलं नसणार. म्हणून परत आत आले असतील."

वरून कुठून तरी वाद्यांचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "आपल्या झोपायच्या खोलीचे गज तुम्ही करवतीने कापले होते. मला म्हणालात, गंजलेत."

"हो."

"त्याच आठवड्यात?"

"दुसऱ्याच दिवशी."

"एवढी वर्षं मूग गिळून बसलात? मी काय परकी होते?"

"तुम्ही पोरीला भरवत होतात. घरी आलो तर मला म्हणालात, हातपाय धुऊन या, चहा टाकते. त्यात हे कुठे सांगू? मग राहून गेलं ते राहून गेलं."

बाईंनी पदराने नाक पुसलं. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीपैकी कशाला आधी वाट द्यावी ते कळत नव्हतं. "चला," त्या उठून म्हणाल्या, "आजींना सांगते. परत बदलून घेऊ."

आपल्या जुन्या खोलीच्या दाराशी दोघं गेले. आतून घोरण्याचा आवाज येत होता. शांत, तालात, पोटभर. बाईंनी ठोठावायला हात उचलला तो बंबवाल्यांनी धरला.

"राहू द्या. बिचारीला दोन दिवसांनी झोप लागलीय."

"मग तुमचं काय?"

"बघू."

बोळातून जाताना त्यांनी पूर्ण वेळ भिंतीवरून हात काढला नाही. बाई शेजारून चालल्या. खोलीत शिरल्यावर बंबवाल्यांनी गॅलरीचं काचेचं दार सरकवलं, पुन्हा लावलं, पुन्हा सरकवलं. कठड्याला गज नव्हते, स्वच्छ काच होती. बाहेर मोकळं आभाळ, आणि खाली जहाजाच्या मागे पाण्याचा पांढरा पट्टा पार क्षितिजापर्यंत गेलेला. जहाज चांगलंच हलत होतं. बंबवाल्यांनी कठडा धरला.

"इथून तीनच बाजू दिसतात," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

"तीन पुरेत," बाई म्हणाल्या आणि पलंगावर आडव्या होऊन पाण्याकडे बघू लागल्या.

बंबवाले त्या खोलीत सुखाने राहिले, असं काही म्हणता येणार नाही. रोज कित्येकदा ते उठून जिन्यापर्यंत चक्कर मारून यायचे. सफाईवाल्याला पहिल्यांदा वाटलं यांची वाट चुकली, मग तो नुसताच सलाम करू लागला. बाईंनी एकदाही टोकलं नाही. उलट एकदा त्याच म्हणाल्या, "थांबा, मीही येते. पाय मोकळे होतील." आजी मात्र तरतरीत होऊन हॉलभर हिंडायच्या आणि भेटेल त्याला सांगायच्या, बिनखिडकीच्या खोलीसारखं सुख नाही.

शेवटच्या दुपारी दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसले होते. बंबवाल्यांनी आपणहून विचारलं, "हे पाणी इथे हिरवट का? मघाशी तर निळं होतं." बाईंना एवढंच हवं होतं. त्यांनी सुरुवात केली ती पाण्याच्या खोलीपासून, मग गाळ, मग प्रवाह. गरम पाणी कुठून निघतं, थंड पाणी त्याच्या खालून कसं सरकतं, हाताने हवेत बाण काढत काढत. बंबवाले आधी हं हं म्हणत होते. मग हं थांबलं. बाईंनी वळून पाहिलं तर मान छातीवर पडलेली, तोंड किंचित उघडं.

वर्गात झोपणाऱ्यांना बाईंनी कधी माफ केलं नव्हतं. खडू फेकून मारायच्या. आता त्यांनी आवाज बंद केला नाही, कारण आवाज थांबला की हा माणूस जागा होणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या तशाच हळू, एका सुरात सांगत राहिल्या. वारे, भरती, ओहोटी, जे आठवेल ते.

थोड्याच वेळात एका लाटेने जहाज कललं आणि बंबवाले दचकून उठून उभे राहिले. "काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "प्रवाह वळतोय. बसा."

ते बसले. खुर्चीच्या काठावर, पण बसले. "कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.


बाईंनी हात लांब करून दाखवलं.