माझ्या बायकोचं वाक्य

"काका, उभे राहा. आज तुमचंच वाक्य घेऊया."

मॅडमनी फळ्यावर लिहिलं. पांढरा फळा, निळं पेन. माय वाइफ पास्ड आउट. खाली लाल रेघ मारली आणि आमच्याकडे वळून हसल्या.

"कुणाला कळलं, काय चुकलंय?"

वॉचमन हसला. माळी हसला. झाडूवाली मंजुळा तोंडाला पदर लावून हसली. तिला इंग्रजी येत नाही. मॅडम हसल्या म्हणून हसली.

मी उभा होतो. बायकोला जाऊन महिनाही झाला नव्हता.

"पास आउट म्हणजे कॉलेज संपवून बाहेर पडणं," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर चक्कर येऊन पडणं. काकांनी अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकलं, माय वाइफ पास्ड आउट. सगळ्यांना वाटलं काकू ग्रॅज्युएट झाल्या! सो क्यूट ना? लोकांनी कॉन्ग्रॅट्स केलं, केकचे इमोजी पाठवले, टाळ्या वाजवल्या."

टाळ्या.

मला ते तेव्हा कळलं. तिथं, उभा असताना.

नीट सांगतो. मी शिंपी. चामराजपेटचा. आमचे लोक इथं कन्नड मुलुखात कधी आले ते घरात कुणाला आठवत नाही. घरात मराठी, दारात कन्नड. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं वडिलांनी दुकानात शिकवली, चिंध्यांवर खडूनं काढून. इंग्रजी कुणी शिकवलं नाही. आमच्या गल्लीत लागतही नव्हतं.

दुकानाची इमारत पाडली. मग महादेवपुऱ्यात एका मोठ्या अपार्टमेंटात, क्लबहाउसच्या जिन्याखाली, मशीन टाकायला जागा मिळाली. पॅन्ट आखूड करायची, ब्लाउज सैल करायचे, चेन बदलायची. काजं-बटणं आणि हातशिलाई माझी बायको तुळसा घरी करायची. गल्लीत तिला तुळसक्का म्हणायचे. मी संध्याकाळी कपडे घरी न्यायचो, सकाळी बस बदलत बदलत परत आणायचो. तिनं ते अपार्टमेंट कधी पाहिलं नाही. अपार्टमेंटानं तिला पाहिलं नाही. तिचे टाके मात्र सगळ्यांच्या अंगावर होते.

मग कमिटीनं ठरवलं, काम करणाऱ्या सगळ्यांना इंग्रजी शिकवायचं. फुकट. चांगली गोष्ट. पण ज्यानं वर्ग पुरा केला नाही त्याला गेटचा पास नाही, असा नियम केला. पास नाही तर आत पाऊल नाही. माझं मशीन आत.

मला शिकायचं होतं, खोटं कशाला बोलू. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खूश झाल्या. "अय्या काका, किती फनी बोलता! 'स्वल्प थांबा' काय! पुन्हा बोला ना." मी पुन्हा बोललो. मीही हसलो. तेव्हा चालत होतं.

त्या शिकवायच्या ते क्रियापद आणि त्याच्या मागं लागणारं शेपूट. टर्न ऑन, टर्न ऑफ. पुट ऑन, पुट ऑफ. शेपूट बदललं की अर्थ बदलला. लेट आउट म्हणजे शिलाई सोडून कपडा सैल करायचा. हे मला आवडलं. जेवताना तुळसाला सांगितलं.

"लेट आउट," मी म्हटलं.

"आउट कशाला? नुसतं सोडा म्हणा की."

"आउट पाहिजे. त्याच्याशिवाय पुरं होत नाही."

"मग मी पण आउट," ती म्हणाली. "तुमची भांडी तुम्ही घासा."

ती एका सकाळी गेली. चहा गाळता गाळता खाली बसली. उठली नाही.

लोकांचे कपडे घरात पडले होते. लग्नाचे ब्लाउजही होते. सांगायला पाहिजे होतं. ग्रुपवर फक्त इंग्रजी चालतं. पायरीवर बसून लिहायला घेतलं. डेड मला येत होतं. पण डेड बॅटरीला म्हणतात. उंदराला म्हणतात. तिच्यासाठी बरा शब्द पाहिजे होता. अपार्टमेंटात एक म्हातारे वारले, तेव्हा लिफ्टपाशी कागद लावला होता. त्यात पास्ड असं काहीतरी होतं. पुढचं आठवेना. क्रिकेटमध्ये गेला तो आउट. घरातून गेली ती आउट. मी आउट लावलं आणि पाठवलं.

फोन टिंग टिंग वाजायला लागला. चष्मा कुठं होता काय माहीत. हातांची चित्रं दिसली. पिवळे पिवळे हात, रांगेनं. तुळसाची बहीण भिंतीला टेकून रडत होती. तिला फोन दाखवला. म्हटलं, "बघ, मोठी मोठी माणसं. सगळ्यांनी हात जोडलेत आपल्या तुळसाला."

"हौदा, भावजी? खरंच?" तिनं विचारलं. डोळे पुसले. तिला बरं वाटलं. मलाही वाटलं.

हात जोडलेले नव्हते. टाळ्या होत्या.

आता तुम्हाला वाटेल, वर्गात हे कळल्यावर माझं रक्त उसळलं असेल. नाही. काही झालं नाही. पायाला मुंग्या येऊन पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं. फळा दिसत होता. लाल रेघ दिसत होती.

मॅडमनी आउट पुसलं. अवे लिहिलं.

"माय वाइफ पास्ड अवे. म्हणा काका."

म्हटलं.

"लाउडर."

म्हटलं.

"एव्हरीवन!"

अंकल्स वाइफ पास्ड अवे. सगळ्यांनी सुरात म्हटलं, पाढे म्हणतात तसं. मंजुळानंही म्हटलं.

"व्हेरी गुड. आता क्वेश्चन. डिड अंकल्स वाइफ पास अवे?"

सगळ्यांनी विचारलं. माझी बायको मेली का, म्हणून सगळ्यांनी सुरात विचारलं.

"आता नेगेटिव्ह. काका, तुम्ही करा, तुमचंच आहे. डिड नॉट लावायचं. माय वाइफ डिड नॉट…? पुढं?"

मला येत होतं. चूक न करता येत होतं. माय वाइफ डिड नॉट पास अवे. माझी बायको वारली नाही.

तोंड उघडलं. तुळसाच्या तोंडात मी पाणी घातलं होतं, ते तसंच बाजूनं गळून गेलं होतं. ते आठवलं. आणि आता गेटच्या पासासाठी उभं राहून म्हणायचं, की ती वारली नाही.

"काका? इझी आहे."

"नाही म्हणणार."

"येत नाही का?"

"येतं. म्हणणार नाही."

"अहो, नुसतं वाक्य आहे. प्रॅक्टिस. मनाला नका लावून घेऊ."

"मग तुमच्या नवऱ्यावर करा."



"व्हॉट?"

"तुमच्या नवऱ्याचं करा वाक्य. आधी पास्ड अवे. मग डिड नॉट. या सगळ्यांकडून म्हणवून घ्या. मग मी म्हणतो."

मॅडमचा चेहरा उतरला. "हाउ डेअर यू," म्हणाल्या. मग मराठीत आल्या. "किती अभद्र बोलता हो! माझा नवरा जिवंत आहे."

"हो की. जिवंत माणसाचं वाक्य तुम्हाला लागलं. माझी तर खरंच मेली आहे."

मी बाहेर पडलो. मशीनवर कापड टाकलं, डबा उचलला. गेटपर्यंत मंजुळा मागून पळत आली. "अण्णा, मी हसले नाही," कन्नडात म्हणाली.

"हसलीस. सरी, जाऊ दे. तुला पास पाहिजे."



बसमध्ये खिडकीपाशी बसलो, तेव्हा डोक्यात आलं, शेपूट तर आपल्या बोलण्यातही असतं. हसणं वेगळं. हसून घेणं वेगळं. मंजुळा हसली. मॅडमनी हसून घेतलं. आमच्या घरातल्या मरणावर.

चार दिवसांनी सेक्रेटरींचा फोन. ते हिंदीत बोलतात. "अंकल, मॅडम बहुत हर्ट हुई है. सॉरी बोल दो, क्लास फिनिश करो, पास रेडी है. छोटी बात है."

"ताली जिसने बजाया, वो सॉरी बोला?"

"अरे अंकल, वो तो मिस्टेक था."

"मेरा भी मिस्टेक था. मेरे को खड़ा किया. उनको कौन खड़ा करेगा?"

ते मग म्हणाले, सॉरीशिवाय पास मिळणार नाही, रूल म्हणजे रूल.

"पास रखो. मैं मशीन लेने आता हूँ."

आणलं. टेम्पोत घालून आणलं. जिन्याखालच्या जागेत आता इस्त्रीवाला बसतो म्हणे. मशीन घरात खिडकीपाशी लावलंय. गल्लीतली कामं येतात, थोडी. काजं-बटणं मीच करतो. वाकडी होतात. गिऱ्हाईक बोलतं. बोलू दे.

इंग्रजी मी सोडलेलं नाही. मोबाइलवर ऐकतो. कळेपर्यंत ऐकतो. यापुढं कुणी माझ्या तोंडावर माझ्यावर हसलं तर मला त्याच क्षणी कळलं पाहिजे, महिन्यानं नाही. तेवढ्यासाठी शिकणार. जे येईल ते वापरणार. भांडायला तर नक्की वापरणार.

पण बायकोचं विचारलं तर मराठीत सांगणार. मॅडम विचारोत, सेक्रेटरी विचारो. वारली. ज्याला कळलं नाही त्यानं जाऊन अर्थ विचारावा. मी सोपं करून सांगणार नाही. उभा राहून तर नाहीच.