बाबांच्या मशीनचा तेलपंप

बाबांच्या होडीचं मशीन जुनं आहे. मागच्या फळीला लटकवायचं, पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं. अशा मशीनला पेट्रोलबरोबर तेलही लागतं. तेल मिळालं नाही तर पिस्टन तापतो, जाम होतो, आणि मग भर समुद्रात वल्ही मारत बसा. त्यासाठी कंपनीने झाकणाखाली तेलाची लहान टाकी आणि एक पंप दिलेला असतो. लागेल तेवढं तेल तो आपणहून देतो. पण मुरुडच्या खाली आमच्या कोळीवाड्यात असा पंप कुणाच्याच मशीनला चालू नव्हता. फार पूर्वी एकाचा पंप ऐन वाऱ्यात बंद पडला आणि तो कसाबसा जीव घेऊन किनाऱ्याला लागला. तेव्हापासून नवं मशीन आलं की त्याला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि लगेच पंपाच्या नळ्या कापायच्या, असा रिवाजच पडला. तेल सगळे हातानं पेट्रोलच्या कॅनमध्ये ओततात. बाबा ते करवंटीनं मोजायचे.

करवंटीनं कधी दगा दिला नाही, दगा दिला तो डोक्यानं. बाबा चहा पिऊन पुन्हा चहा मागायचे तेव्हा आम्ही हसायचो. मग एका सकाळी ते तेल घालायचं विसरून कोऱ्या पेट्रोलवर समुद्रात गेले. कान अजून शाबूत, म्हणून आवाज बदलल्याबरोबर त्यांनी मशीन बंद केलं. माझा नवरा इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं उघडून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "तेलाचा थेंब न्हाय आत. आनखी थोडा चालला असता तर मशीन गेला असता, आनि मामा पन."

माझा भाऊ उरणला ट्रेलर चालवतो. त्याला कळलं तसा त्याचा फोन आला. "मशीन देऊन टाका कोणाला तरी. रिस्क नको. बाबा आता घरी आराम करतील." आराम म्हणे! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी फोनच कापला. आई चुलीपाशी बसली होती, ती हळूच म्हणाली, "होडी गेली की ह्यो मानूस पन गेला समज." ते खरंच होतं. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात तेव्हासुद्धा बाबा रोज जाऊन होडीच्या सावलीत बसून येतात.

बाबांना फक्त तेलाची आठवण करून द्यायची, एवढंच तर काम होतं. पण आमच्याकडे माणूस जाळं खांद्यावर टाकून निघाला की त्याला काही विचारायचं नसतं. कुठे चाललात नाही, कधी येणार नाही, मागून हाकसुद्धा मारायची नाही. आणि बाबा तेल ओतणार अगदी निघताना. बरं, आदल्या दिवशी विचारावं तर म्हणणार, "मना शिकवतस?" आणि दिवसभर अबोला धरणार. म्हणून मी एक शहाणपण केलं. माझं घर चार घरं सोडून. पहाटे पाणी भरायला जाताना त्यांच्या पडवीतल्या कॅनमध्ये गुपचूप करवंटीभर तेल ओतायला लागले.

आईनंही तेच शहाणपण केलं होतं, हे मला कसं कळणार? आणि एके दिवशी बाबांनाही नेमकी आठवण राहिली. तिघांचं तेल पिऊन ते मशीन धूर ओकत खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, पुढे गेलं आणि ठप्प झालं. दुसऱ्या होडीनं दोर बांधून बाबांना आणलं. सगळा किनारा बघत होता. कुणीतरी ओरडलं, "काका, तेलात भजी तळली काय?" मीही हसले. मग बाबांचं तोंड पाहिलं आणि मला रडू आलं. ते कुणाकडे न बघता जाळं धुवत बसले होते.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला धरलं. "सगळ्या गावाची मशीनं तुमी जोडता. माझ्या बापाचा पंप जोडा. कंपनीनं दिलाय तो काय नैवेद्य दाखवायला?" तो बिचारा दिवसभराचा थकलेला, पण उठला. त्याचं एक बरं आहे, मी तापले की तो वाद घालत नाही, सरळ पाना शोधतो.

झाकण काढलं तर पंप जागेवर होता. इतकी वर्षं कोरडाच फिरून त्याच्या प्लास्टिकच्या चक्राचे दात झिजले होते. मशीनचा वेग वाढला की तेलही वाढावं म्हणून पंपाला एक बारीक दांडी असते, तीही नव्हती. नवऱ्यानं मोबाइलवर चित्र शोधून प्रत्येक नळी कुठून कुठे जाते ते मला दाखवलं. सामान मुंबईहून एसटीच्या पार्सलनं आलं. बाबांना आम्ही सांगितलं की पंपानं तेल वाचतं, धूर कमी होतो. ते "हूं" म्हणाले आणि पाठ फिरवून जाळ्याची भोकं शिवत बसले.

चक्र बसलं, दांडी बसली, नळ्या बदलल्या; एक तेवढी आत वळलेली नळी चांगली दिसली म्हणून जुनीच ठेवली. आतली हवा काढली. मी माझ्या नेलपॉलिशनं टाकीवर तेलाच्या पातळीची लाल रेघ ओढली. पहिल्यांदा पेट्रोलमध्येही तेल घालूनच चालवायचं, म्हणजे पंपानं दगा दिला तरी मशीन वाचेल, आणि टाकीतलं तेल उतरलं की पंप चालतोय असं समजायचं. नवरा खाडीत लांबवर फेरी मारून आला. मी धावत जाऊन बघितलं. तेल रेघेवरून हललंसुद्धा नव्हतं.

"बगितलास?" बाबा लांबूनच म्हणाले. मला वाटलं पंप फसला म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. नवऱ्याला बोलले, मशीनला बोलले, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवरा पुन्हा हवा काढायला बसला. तेल काही पुढे सरकेना. त्यानंही शेवटी पाना खाली ठेवला.

बाबा बराच वेळ बघत होते. मग उठून मशीनपाशी आले, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि ती आत वळलेली जुनी नळी बोटानं चाचपली.

"हितं बुच हाय," ते म्हणाले. "लाकराचा. मीच ठोकलाय, नळ्या कापल्या तवा, आतमंदी. सुरूच्या फांदीचा."

नवऱ्यानं नळी उलटी करून तार घातली. काळंठिक्कर पडलेलं बोटभर लाकूड बाहेर आलं. सकाळी खाल्लेली भाकरी न आठवणाऱ्या माणसाला ते आठवत होतं, आणि मनात आणलं असतं तर ते गप्प बसू शकले असते. तेवढ्यानं पंप निकामी ठरला असता, गावाचा पंपावरचा राग खरा झाला असता. माझा आतापर्यंतचा सगळा संताप कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाले, "गरम होतय, बाजूला हो."

दुसऱ्या फेरीत तेल रेघेखाली उतरलं. आणखी काही दिवस असंच चालवून पाहिलं. मग कोऱ्या पेट्रोलवर जायची सकाळ आली. आम्ही सगळे किनाऱ्यावर होतो. बाबांनी कॅन होडीत ठेवला, टाकीतलं तेल वाकून पाहिलं आणि बोटानं झाकण घट्ट केलं. दोरी ओढायच्या आधी ते थांबले.

"तुमी दोघी कॅनमंदी तेल टाकत व्हता, त्ये म्हायती हाय मना," ते म्हणाले. आई पदराशी चाळा करायला लागली. "आता मशीन आपलं आपन तेल घेल. चांगला झाला." मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "पन बाय, वाट कोन लक्षात ठेवल? परवा खडपाशी मना कलेना, घर कंच्या अंगाला."

मशीन दुरुस्त झालं म्हणजे सगळं झालं, असं मी धरून चालले होते. बाबा त्या भीतीबरोबर रोज एकटे समुद्रात जात होते, आणि कुणाला सांगत नव्हते, कारण सांगितलं असतं तर आम्हीच होडी विकली असती.

आमच्याकडे बायका मासळी विकतात, सुकवतात, बाजार गाजवतात. जाळ्याला जात नाहीत. मी साडी वर खोचली, पाण्यात उतरले आणि होडीत चढले. किनाऱ्यावर कुणीतरी काहीतरी म्हणालं, ते मी ऐकलं नाही. आईनं मात्र डब्यात एक भाकरी वाढवली होती. तिला आधीच कळलं असावं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उतर म्हणतील. त्यांनी जाळं एका बाजूला ओढलं आणि सरकून मला बसायला जागा केली.