पोटावरचा हात

आधीच सांगते, अशा गोष्टी मी मानत नाही. या सदरातले अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते, "बाई, तुला ॲसिडिटी झाली असेल." माझं वाचून तुम्ही तसंच म्हणालात तर मला राग येणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले आहे... पण ते काही पटत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आम्ही तेव्हा सुरतला, लिंबायतमध्ये राहायचो. एका ओळीतली दोन खोल्यांची घरं, आणि मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना. माग दिवसरात्र चालायचे. भिंत थरथरायची, फळीवरचे पेले किणकिणायचे, आणि आम्हाला त्याची इतकी सवय की माग बंद पडले तरच दचकायला व्हायचं. मिस्टर हजीऱ्याला एका प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होते, शिफ्टची ड्युटी. मी घरी मशीनवर साड्यांना लेस लावायचे. बांगड्या कापडात अडकतात म्हणून हातात काही घालत नसे. त्यावरून सासूबाई गावाहून आल्या की बोलायच्याच, "सवाशीन बाई आणि हात पाह्य कसे, भुंडे!"

मुलगी शाळेत जायला लागली होती. दुसरं मूल हवं होतं आणि दिवस राहिले. पण थोड्याच दिवसांत उजव्या बाजूला दुखायला लागलं, डाग दिसले, आणि सोनोग्राफीत कळलं की गर्भ पिशवीत नाही, नळीत आहे. डॉक्टर गुजराती बाई होत्या, फार बोलायच्या नाहीत. म्हणाल्या, हे मूल वाढू शकत नाही, आणि वाढू दिलं तर नळी फुटेल. वेळेत लक्षात आलंय म्हणून ऑपरेशन न करता इंजेक्शन देऊन बघू. ते औषध गर्भाची वाढ थांबवतं, मग तो हळूहळू विरघळतो. तोवर दर आठवड्याला रक्त तपासायचं. वजन उचलायचं नाही, मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत, चक्कर आली किंवा खांदा दुखायला लागला तर तसंच निघून यायचं.

आणि निघताना पुन्हा एकदा बोट दाखवून म्हणाल्या, "बेन, पेटने कोई हाथ ना लगाडे, समज्या?" पोटाला कोणी हात लावायचा नाही.

मी समजले. इंजेक्शन घेतलं, मुलीला नणंदेकडे उधन्याला पाठवलं, आणि मशीनवर चादर टाकून खाटेवर पडले. रडले वगैरे नाही. जे होणारच नव्हतं त्याचं काय रडायचं, असा माझा हिशोब.

इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवसापासून मला तो हात जाणवायला लागला.

उजवीकडे, ओटीपोटावर, दुखत होतं नेमकं तिथे. तळहात. जड, उबदार, कामाचा, जरा खरखरीत. दाबत नव्हता, नुसता ठेवलेला. आणि मनगट असेल त्या जागी काहीतरी गार, गोल टेकायचं. काचेच्या बांगड्या टेकतात तसं.

मी घाबरले नाही. मी तपासून बघितलं. वाटलं, भिंतीतून मागाची थरथर खाटेत येते तिचा भास असेल. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी माग बंद होते, हात होता. कूस बदलली, हात त्याच जागी. स्वतःचा हात तिथे ठेवला, तर माझंच पोट लागलं, मध्ये काही नाही. मग मी ठरवलं की औषधाने बधिरपणा आला असेल, आणि कोणाला बोलले नाही. मिस्टरांनासुद्धा नाही. आधीच ते जेवत नव्हते धड.

सासूबाई गावाहून आल्या त्या याच आठवड्यात. शिरपूरकडची शेतकरी बाई, मनाने चांगली पण हट्टी. मी त्यांना समजावून सांगितलं, बाळ चुकीच्या जागी आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. आणि त्यातून त्यांना जे समजलं ते माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं.

"चुकीना जागावर शे, मंग बरोबर जागावर आनाले काय व्हस?"

"आई, ते असं सरकवता येत नाही."

"वासरू आडवं राहिनं त आम्ही फिरावतस ना? तठे कोन डाकटर ऱ्हास?"

मी म्हटलं, मी गाय नाही. त्या म्हणाल्या, गाय ऐकते तरी.

विषय संपला असं मला वाटलं. पण दोन दिवसांनी दुपारी पोटात जोरात कळा सुरू झाल्या. मी घामाने ओली झाले, उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी. मिस्टर प्लांटवर, संध्याकाळी कंपनीच्या बसने येणार. सासूबाई घाईने बाहेर गेल्या. मला वाटलं रिक्षा आणतायत.

त्या सोनाबाईला घेऊन आल्या. सोनाबाई म्हणजे पलीकडच्या गल्लीतली सुईण. आमच्या भागातल्या खान्देशी बायकांची पोटं चोळायला, बाळंतिणींना शेकायला तिलाच बोलवायचे. अंगाने धिप्पाड, हातात जोर. हात लावला की गर्भ सरकला का, कुठे सरकला हे ती सांगायची असं सगळे म्हणायचे.

"नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, हात लावायचा नाही. मला दवाखान्यात न्या."

"जाऊत ना माय, मंग जाऊत," सासूबाई माझ्या डोक्याशी बसल्या आणि माझे दोन्ही खांदे धरले. "एक डाव चोळू दे. जागावर बठी जाई मना पोऱ्याना पोऱ्या."

त्यांचे डोळे भरलेले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला मारायला नव्हत्या बसल्या त्या. त्यांना त्यांचं नातवंड वाचवायचं होतं. आणि माझ्या अंगात त्यांना ढकलण्याइतकी ताकद नव्हती. मी फक्त नाही, नाही म्हणत राहिले.

सोनाबाईने वाटीतलं तेल हाताला लावलं. डावीकडून सुरुवात केली. बेंबीपर्यंत आली. मग उजवीकडे सरकली आणि थांबली.

"हात काढ वं माय," ती सासूबाईंना म्हणाली.

"कोना हात?"

"तुना. मले चोळू दे."

"मना दोन्ही हात आठे शेतस!"

सोनाबाईने वर बघितलं. सासूबाईंचे हात माझ्या खांद्यांवर होते. माझे हात मी खाटेची पट्टी धरून आवळले होते. ती पुन्हा खाली बघायला लागली. तिच्या बोटांखाली नुसतं माझं पोट, तेलाने चमकणारं. तिने पुन्हा हात पुढे नेला, आणि तो तिथेच अडला. मला स्पष्ट जाणवत होतं. तिची बोटं माझ्या कातडीला लागलीच नाहीत. लागली ती माझ्या पोटावर आधीच असलेल्या त्या दुसऱ्या हाताला.

"मंग बांगड्या कोन्या लागन्यात मले?"

सासूबाई विधवा, सोनाबाई विधवा, आमच्यात विधवा काकणं घालत नाहीत. माझे हात तर नेहमीचेच भुंडे. खोलीत आम्ही तिघी, आणि एकीच्याही हातात बांगडी नाही.

सोनाबाईने पदराला तेल पुसलं. "आठे पहिलेच कोनी हात ठेयेल शे," ती म्हणाली. "मी नही लावाव." चहाला थांबली नाही. चपला हातात घेऊनच गेली.

सासूबाईंनी मग रिक्षा आणली, स्वतः. डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी केली. नळी सुजली होती, पण फुटली नव्हती. इंजेक्शननंतर अशा कळा येतात म्हणाल्या, पण ठेवून घेऊ, नजरेखाली असलेलं बरं. सासूबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, कोणी चोळलं असतं तर?

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटावरच्या तेलाकडे बघितलं. "तो आ बेन अहीं न होत," एवढंच म्हणाल्या. ही इथे नसती.

सासूबाई तिथेच जमिनीवर बसल्या.

त्यानंतर त्या गावाला परत गेल्या नाहीत, मी बरी होईपर्यंत राहिल्या. कोणी शेजारीण तेलाची वाटी घेऊन आली तर दारातूनच हाकलायच्या. त्यांच्या मते ती कानबाई होती, देवीच स्वतः. मिस्टर म्हणाले, नसांचा काही प्रकार असेल. मी म्हटलं, माझ्या नसा माझ्या पोटात, सोनाबाईच्या बोटांना कशा लागल्या? सोनाबाई एकदा भाजीबाजारात भेटली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मले काही इचारू नको." माझी आई तेव्हा धुळ्यात ठणठणीत होती. गेलेल्या बायकांपैकी माझ्यासाठी येऊन बसेल अशी कोणी मला आठवत नाही.

रक्ताचे आकडे आठवड्याआठवड्याने उतरत गेले. हात होताच. मी त्याच्यासकट भाजी चिरायला लागले, उधन्याहून परत आलेल्या मुलीची वेणी घालायला लागले.

एका दुपारी मशीनवर बसून साडीची लेस लावत होते. मागे माग चालू होते. आणि तो हात उचलला गेला. हळूच, झोपलेल्या मुलावरचा हात आई काढते तसा. मी मशीन थांबवलं. मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं.

त्या आठवड्याचा रिपोर्ट डॉक्टरांनी हसून वाचला. सगळं निल आहे, आता काही शिल्लक नाही, सुटलात. मी मान हलवली. मला ते आधीच कळलं होतं. घरी येऊन सासूबाईंसमोर, भर दुपारी, मी पहिल्यांदा रडले.

तो हात मला धरून बसला होता की माझ्या पोटातल्या त्या बाळाला, हे मला आजही माहीत नाही.